सोलापूर सपाट असावं

"हितं लागून किती दिस झालं तुमाला?" मामांनी मला विचारलं.

"दीड महिना."

मामांनी डोळे मिटून क्षणभर हिशेब केला. "म्हंजे नऊ पाणी," ते म्हणाले आणि समाधानानं चहा बशीत ओतला.

आमच्या भागात नळ चार दिवसांआड येतो, म्हणजे पाचव्या दिवशी. दीड महिन्यात नऊदा. मामांचं कालमापन एवढंच होतं. आठवडा, पंधरवडा, महिना ही त्यांच्या लेखी भिंतीवर टांगायची चित्रं. त्यांच्या पुतण्याचं लग्न "सात-आठ पाण्यामागं" झालं होतं. त्यांची बदली "म्होरल्या पाण्याला" होणार होती आणि मी ओळखायला लागल्यापासून ती म्होरल्याच पाण्याला होती. एकदा नात्यातल्या कुणाच्या मातीला जाऊन आले तेव्हा म्हणाले, "अडीच पाण्यात आटपलं बघा. लई हाल न्हाय झालं." मलाही हळूहळू ती सवय लागली. पगार सहा पाण्यांनी होतो, हे मला कॅलेंडरपेक्षा जास्त खरं वाटायला लागलं.

मामा चावीवाले होते. रस्त्याखाली नळाचे व्हॉल्व्ह असतात. ते फिरवून एका गल्लीचं पाणी बंद आणि दुसऱ्या गल्लीचं चालू करतो तो चावीवाला. व्हॉल्व्हला आमच्याकडे वॉल म्हणतात. शुद्ध मराठीत झडप असा शब्द आहे आणि कार्यालयीन कागदांत मी तोच वापरत असे, पण सोलापुरात झडप फक्त घार घालते.

मामांची चावी म्हणजे खांद्याएवढी उंच लोखंडी सळई. वर धरायला आडवा दांडा, खाली वॉलच्या डोक्यावर बसणारं चौकोनी तोंड. ती सायकलच्या नळीला सुतळीनं बांधलेली असे, आणि मामा जिथं जात तिथं तीही जात असे. दवाखान्यात, बँकेत, लग्नात. होटगी रोडच्या एका मंगल कार्यालयात पहारेकऱ्यानं चावीसकट आत सोडायला नकार दिला, तेव्हा मामांनी वाद घातला नाही. ते फाटकाबाहेर सायकलला टेकून उभे राहिले. दहा मिनिटांनी नवरीचा बाप फेटा सावरत धावत आला. तो मामांच्याच भागात राहत होता. त्यानं पहारेकऱ्याला झापलं, "कुणाला अडवलालास बे? उद्या आंघोळ करायची हाय का न्हाय?" आणि मामांना चावीसकट स्टेजवर नेलं. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरा, नवरी, आमदार आणि चावी असा एक फोटो आहे. आमदार कडेला आहेत.

वॉल उघडल्यावर मामा चावीच्या दांड्याला कान लावत. खालून पाणी कुठवर आलं ते त्यांना सळईतून ऐकू येई. "आलं. वळणावर हाय. आता दम खाऊन चढंल." पाण्याबद्दल ते असं बोलत, जणू एखादा वयस्कर पाहुणा जिना चढतोय. आणि एवढं सगळं पाणी हाताखालून सोडणारा हा माणूस आपल्या भागातल्या कुठल्याही घरी पाणी पीत नसे. चहा घेत, ताक घेत, संक्रांतीला शेंगापोळी मागून खात, पण पाण्याचा तांब्या पुढं आला की हात जोडत. स्वतःची बाटली सायकलला असे. मी कारण विचारलं.

"ज्याच्या घरचं पाणी पिलं त्याला पाच मिन्टं जास्ती जातंय बघा. हात आपोआप थांबतोय."

"पण चहातही पाणी असतंच की."

"चाचं पाणी ज्याचं त्यानं उकळलेलं असतंय," मामा म्हणाले. यात काहीतरी तर्क होता. तो मी अजून शोधतो आहे.

माणसांची जात, धर्म, पक्ष यांत मामांना रस नव्हता. ते माणसांची वर्गवारी उंचीवरून करत. म्हणजे घराच्या उंचीवरून. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, "ऱ्हाता कुटं?" आणि उत्तर मिळालं की मान हलकेच डोलवून निकाल. "उताराचं माणूस हाय." उताराच्या माणसाला पाणी न मागता मिळतं, त्यामुळे तो देव मानतो, पुढाऱ्याला हार घालतो आणि सकाळी फिरायला जातो. चढाचं माणूस भांडतं, मोर्चा काढतं आणि भांडी मोजून ठेवतं. मला त्यांनी जुळे सोलापूरचा पत्ता ऐकून "सपाट" म्हणून सोडून दिलं. मला ते थोडं लागलं.

माझं काम होतं शहर नियोजनाच्या एका मोठ्या योजनेच्या कार्यालयात. सोलापूर भराभर वाढतंय, आसपासच्या खेड्यांतून माणसं येऊन शेतांच्या प्लॉटवर घरं बांधतायत, तेव्हा या शहराला स्मार्ट आणि शाश्वत करायचं, अशी ती योजना. स्मार्ट कसं करायचं ते इंग्रजीत ठरत असे. नंतर लोकांना कळावं म्हणून मी त्याचं मराठी करत असे. 'शाश्वत' हा शब्द मी त्या काळात इतक्या वेळा लिहिला की कीर्तनकारालासुद्धा लाजवलं असतं. 'समावेशक', 'नागरिककेंद्री', 'लवचिक' हे त्याचे भाऊबंद. यांतला एकही शब्द मी मामांच्या तोंडून ऐकला नाही, आणि लवचिक सोडला तर एकाचाही अर्थ मला सांगता आला नसता.

योजनेच्या सुरुवातीला नागरिकांची मतं मागवण्यासाठी एक फॉर्म वाटला गेला. त्यात शेवटचा प्रश्न होता, 'तुमच्या स्वप्नातलं सोलापूर कसं असावं?' लोकांनी मन मोकळं केलं. विमान, आयटी पार्क, तलावात बोट. बऱ्याच जणांनी फक्त 'नळ रोज' लिहिलं. कर्मचाऱ्यांनीही भरायचा म्हणून मामांनाही एक फॉर्म दिला गेला. त्यांनी बराच वेळ पेन चावलं आणि एकच शब्द लिहिला: 'सपाट'.

हे उत्तर कुठल्या रकान्यात घालावं ते मला कळेना. मोठ्या साहेबांनी ते वाचलं. साहेब म्हणजे योजनेचे प्रमुख. चांगला माणूस, पण इस्त्री फार. ते गंभीर झाले आणि म्हणाले, "वा. समतेचा विचार आहे यात." अहवालात ते गेलं ते असं: 'समताधिष्ठित शहराची तळागाळातून मागणी.' मामांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "समता न्हाय ओ. उतार. पाण्याला समता कळत न्हाय, उतार कळतोय."

मग वॉलची मोजणी सुरू झाली. शहरातला प्रत्येक वॉल कुठं आहे, कोणत्या प्रकारचा आहे, किती आट्यांचा आहे, ते सगळं संगणकावर आणायचं होतं. आटा म्हणजे चावीचा एक पूर्ण फेरा. वॉल किती आटे फिरवायचा यावर त्या गल्लीत किती पाणी जाणार ते ठरतं, आणि हे आकडे मामांच्या डोक्याखेरीज कुठंच लिहिलेले नव्हते. कार्यालयात काही जण म्हणत की मामांचेच आटे ढिले आहेत. ते मामांच्या कानावर होतं. "ढिलं हाय म्हणूनच फिरतंय," ते म्हणत.

मोजणीला पुण्याहून सल्लागार कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला होता. सभ्य मुलगा. हातात टॅब, डोक्यावर टोपी, आणि सोलापूरच्या उन्हाबद्दल मनात वैयक्तिक राग. मामा त्याला चढावरच्या गल्लीच्या वॉलपाशी घेऊन गेले. ही गल्ली आमच्या भागाच्या शेवटी, उंचवट्यावर. विणकर आणि विडी वळणाऱ्या बायकांची घरं. पाणी तिथं पोचतं ते मामांच्या कृपेनं, असं सगळे म्हणत.

इंजिनिअरनं विचारलं, "मामा, हा वॉल किती?"

मामांचं गाव मैंदर्गीजवळ. तिकडचा माणूस मराठीत बोलतो आणि कन्नडमध्ये मोजतो. मामांनी टॅबकडे बघितलं, वॉलकडे बघितलं आणि सांगून टाकलं, "ऐदु."

सोलापुरात कन्नड आकडे न कळणारा माणूस हा बाहेरगावचाच असतो. मुलाला वाटलं, मामा वॉलचा प्रकार सांगतायत. त्यानं प्रकाराच्या रकान्यात रोमन लिपीत ऐकलं तसं टिपलं: ए, आय, डी, यू. तो मोजणीचा तक्ता अहवालात गेला. अहवालावरून सादरीकरण झालं. सादरीकरण करणाऱ्याला चार अक्षरांत पहिली दोन 'ए' आणि 'आय' दिसल्यावर त्याच्या डोक्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आपोआप उगवली. वरच्या बैठकीत सांगण्यात आलं की सोलापुरात ए.आय.डी.यू. तंत्रज्ञानाची झडप आधीपासूनच कार्यरत आहे. टाळ्या झाल्या. ही अक्षरं कशाची आहेत हे एकानंही विचारलं नाही, कारण विचारलं तर आपल्याला ठाऊक नाही असं दिसलं असतं.

मला मात्र मराठी करायचं होतं. मी मामांना विचारलं, "मामा, हे ए.आय.डी.यू. काय असतं?"

दोन-तीनदा म्हणायला लावल्यावर मामांना उलगडलं. ते चावीला धरून खालीच बसले. हसताना त्यांना आवाज नसे, फक्त खांदे हलत. "ऐदु म्हंजे पाच की ओ मास्तर!" मी लिहितो म्हणून ते मला मास्तर म्हणत.

मी रीतसर टिप्पणी लिहून चूक दाखवली. साहेबांनी ती वाचून परत दिली. म्हणाले, "स्लाइड वर गेलीय. आता खाली आणता येत नाही."

खरं तर पाच हा आकडाही खोटा होता. मामांनी खरं का सांगितलं नाही ते मला बरंच नंतर कळलं, पण ते इथंच सांगितलेलं बरं.

चढावरच्या गल्लीचा तो वॉल उलट्या आट्याचा होता. जगातले वॉल डावीकडे फिरवले की उघडतात आणि उजवीकडे आवळले की बंद होतात. हा उजवीकडे उघडायचा. गिरणीचे भोंगे वाजत होते त्या काळात कुणीतरी तो बसवला होता, चुकून की चेष्टेनं ते कुणाला ठाऊक नाही. मामांनाही ते पहिल्या दिवशी घाम गाळूनच कळलं होतं.

काही वर्षांमागं उताराच्या एका उत्साही पुढाऱ्यानं आपल्या बंगल्याच्या हिरवळीला जोर यावा म्हणून चढावरच्या गल्लीचं पाणी तोडायचं ठरवलं. वेल्डिंगच्या दुकानातून मामांच्या चावीसारखी चावी करून घेतली. त्याचा माणूस पाळीच्या दिवशी पहाटे यायचा आणि वॉल आवळून जायचा. आवळायचा म्हणजे त्याच्या समजुतीनं. प्रत्यक्षात तो सताड उघडून जायचा. हिरवळ वाळली आणि चढावर असं पाणी आलं की बायकांनी वाकळा धुतल्या, भिंती धुतल्या, एकीनं बकरीसुद्धा धुतली. आठ पाणी हे असं चाललं. शेवटी पुढाऱ्यानं माणसालाच काढून टाकलं.

तेव्हापासून मामांनी मनाशी ठरवलं होतं, हा उलटा आटा म्हणजे त्या गल्लीचा राखणदार आहे. जोवर तो कुणाला ठाऊक नाही तोवर गल्लीला कुणी धक्का लावू शकत नाही. म्हणून सांगायचं नाही आणि लिहून तर मुळीच द्यायचं नाही.

मग वॉलवर मोटारी बसल्या. आता वॉल नियंत्रण कक्षातून बटणावर फिरणार होते. मोटार बसल्यावर चावीचं तोंड बसायला जागाच उरली नाही. मामांची चावी कार्यालयाच्या दर्शनी भागात काचेच्या पेटीत ठेवली गेली आणि खाली पाटी लागली: 'पारंपरिक जलव्यवस्थापन उपकरण'. पाटी मी लिहिली होती. आदल्या दिवशीच्याच पाण्याला त्या उपकरणानं काम केलं होतं आणि त्याच्या टोकाचा चिखल अजून ओला होता.

मामांना नियंत्रण कक्षात सहायक केलं गेलं. निळा टी-शर्ट मिळाला, पाठीवर 'थेंब थेंब स्मार्ट' असं लिहिलेला. हेही मीच. भिंतीवर मोठा पडदा होता. ज्या भागाची पाळी, तो भाग पडद्यावर यायचा. एकेक गल्ली म्हणजे एकेक रेघ. वॉल उघडला की रेघ हिरवी, बंद असला की लाल. उद्घाटनाला पाहुण्यांनी बटण दाबलं आणि सगळ्या रेघा हिरव्या झाल्या. चढावरची गल्लीसुद्धा.

मामा त्या रेघेकडे बघत राहिले. टाळ्या वाजवायला हात वर केलेले, ते तसेच राहिले.

मोटार बसवणाऱ्यांनी तो वॉल चारचौघांसारखाच धरला होता. कक्षातून 'उघडा' म्हटलं की तो बंद व्हायचा आणि पडदा हिरवा दाखवायचा. बाकीचे चार दिवस तो बंद म्हणून उघडा असायचा, पण तेव्हा मागच्या मोठ्या नळातच पाणी नसायचं. अशी ती गल्ली पाचव्या दिवशी कोरडी आणि उरलेले दिवसही कोरडी.

लोकांनी तक्रारी केल्या. तक्रार मोबाइलवर नोंदवली की संगणक पडदा बघायचा. पडदा हिरवा, तेव्हा उत्तर जायचं: 'आपल्या भागात पाणीपुरवठा सुरळीत सुरू आहे. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' हे वाक्य लिहायला मला एक दुपार लागली होती. 'सुरळीत' या शब्दावर मी खूश होतो.

दोन पाळ्या कोरड्या गेल्यावर गल्लीतल्या अक्का कार्यालयात आल्या. पन्नाशीच्या, विडी वळणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. बरोबर चार बायका. त्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

"हे कोण लिहिली?"

"मी."

"चांगली लिहिलाव की. सुरळीत! आता हे हंड्यात कशी ओतायची, ते पण लिहा."

मी पडद्याकडे बोट दाखवलं. आज त्यांचीच पाळी होती आणि त्यांची रेघ ठळक हिरवी होती. अक्कांनी ती नीट बघितली. "हिरवी हाय व्हय? मग आमी काय करायची, हितं येऊन पडदा पिळायची?" मागच्या बायका हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

मग अक्का मामांकडे वळल्या. "नील्लु लेवु, मामा." पाणी नाही, एवढं तेलुगू सोलापुरात सगळ्यांना कळतं. "तुमची चावी होती तवा पाणी येत होती. टी-शर्ट आली, पाणी गेली. माझी सून नवव्या महिन्यात हाय. ती खालच्या बोअरवरनं घागर घेऊन चढ चढलाली."

बायका गेल्यावर मामा मला चहाच्या गाड्यावर घेऊन गेले, आणि चहा बशीत न ओतता कप हातात धरून उभे राहिले.

"मास्तर, ती गल्ली मी कोरडी पाडली."

मग उलट्या आट्याची सगळी गोष्ट त्यांनी मला सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "चोराला कळू न्हाय म्हणून लपवलं. ह्यांनी चोरावानी मागितलं न्हाय, साधं इचारलं. तरीबी मी ऐदु म्हणलो. लई श्याना झालो." त्यांच्या निवृत्तीला बारा पाणी उरली होती. माहिती दडवल्याची चौकशी लागली असती तर ती बारा पाणी किती लांबली असती ते सांगता येत नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हणालो, जरा थांबू, कुणाकरवी सुचवू. मामा म्हणाले, "थांबायचं तिनं व्हय? घागर घेऊन?" आणि कप ठेवून सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मी मागून.

"सायेब, चढावरचा वॉल उलट्या आट्याचा हाय. उघडा म्हणलं की बंद होतोय."

साहेबांनी चष्मा काढला. "हे तुम्ही मोजणीच्या वेळी का सांगितलं नाही?"

"किती आटे ते इचारलं. कुणीकडं फिरवायचं ते कुणी इचारलं न्हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "इचारलं असतं तरी सांगितलं नसतं. चूक माझी हाय. काय मेमो द्यायचा तो द्या, पर आज वॉल फिरवा."

पुण्याच्या इंजिनिअरला फोन लागला. तो म्हणाला, दोन वायरींची अदलाबदल, दहा मिनिटांचं काम. पण मोटारीला कंपनीचं सील होतं. सील फोडायचं तर कारण लिहावं लागणार. कारण लिहिलं तर काम पूर्ण आणि निर्दोष झाल्याचा जो दाखला साहेबांच्या सहीनं वर गेला होता, तो खोटा ठरणार. मामांना मेमो द्यायचा तरी तीच अडचण. काय दडवलं ते मेमोत लिहावं लागलं असतं. मामांना शिक्षा करण्यासाठी आधी चूक घडली हे मान्य करणं भाग होतं, आणि तेवढी किंमत मोजायला कार्यालय तयार नव्हतं. मामा वाचले ते असे.

गल्ली मात्र तशीच होती. साहेब खिडकीतून बाहेर बघत बसले. माणूस वाईट नव्हता. अडकलेला होता.

मामांची नजर टेबलावर पडली. तिथं नियंत्रण कक्षाची माहितीपुस्तिका होती, मराठी भाषांतर. कुठलं बटण कधी दाबायचं, ते तीत लिहिलेलं.

"मास्तर, हे तुमचं पुस्तक न्हवं का?"

"हो."

"ह्यात चूक निघाली तर कुणाला लागंल का?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "मराठी कुणी वाचतच नाही."

साहेब खिडकीतून वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो मी उद्घाटनालासुद्धा पाहिला नव्हता. यंत्रात चूक असली तर चौकशी लागते. भाषांतरात चूक असली तर शुद्धिपत्रक निघतं. मी तिथंच बसून मजकूर लिहिला:

'माहितीपुस्तिकेतील चढावरच्या गल्लीविषयीच्या परिच्छेदात भाषांतराच्या चुकीमुळे, "उघडा" असे छापले गेले आहे. त्याऐवजी "बंद करा" असे वाचावे. तसेच "बंद करा" याऐवजी "उघडा" असे वाचावे. गैरसोयीबद्दल भाषांतरकार दिलगीर आहे.'

साहेबांनी सही केली. माझ्या आयुष्यात माझ्या लिखाणानं प्रत्यक्ष काही घडलं असेल तर ते एवढंच. मामा कक्षात गेले, चढावरच्या गल्लीचं 'बंद करा' बटण दाबलं, रेघ लाल झाली आणि पाचेक मिनिटांत अक्कांचा फोन आला. त्या काही बोलल्याच नाहीत. मागं बायकांचा गलका आणि हंडे आपटल्याचे आवाज येत होते. त्यांनी फोन बहुतेक तो आवाज ऐकवायलाच केला होता. मामांनी फोन कानाला असा लावला, जसा चावीचा दांडा लावायचे.

त्या दिवसापासून आमच्या भागाच्या पाळीला पडद्यावर सगळ्या रेघा हिरव्या आणि एक लाल असायची. सगळं नीट चाललं असल्याची तीच खूण होती. मामा आता निवृत्त होऊन गावी असतात. त्यांच्याजागी आलेल्या मुलीलाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं गेलं, आणि ती शिकली.

मामांच्या शेवटच्या पाण्याला मात्र एक अडचण आली. दुसऱ्या एका शहरातून आठ-दहा जणांचं शिष्टमंडळ आमची योजना बघायला आलं. त्यांचे प्रमुख पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सौजन्यानं विचारलं, "ही एक लाल का बरं?"

साहेब म्हणाले, "देखभाल सुरू आहे." मग मामांजवळ येऊन हळूच म्हणाले, "पडद्यासमोर ग्रूप फोटो आहे. पाच मिनिटं हिरवी करा."

"तिकडं पाणी चालू हाय, सायेब."

"पाचच मिनिटं, मामा. तुमचाही शेवटचा फोटो आहे."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग बटण दाबलं. रेघ हिरवी झाली. पाहुणे ओळीत उभे राहायला लागले. उंच मागं, ठेंगणे पुढं, प्रमुख मध्ये. कुणाचा तरी हार राहिला म्हणून आणायला माणूस गेला. मामांचा फोन वाजला. अक्कांचा आवाज मलाही ऐकू आला, "मामा, पाणी गेली की! बाळंतिणीची आंघोळ काढलाव, अर्धी राहिली!"

"फोटो काढलालेत, अक्का. थांब जरा."

"कुणाचं लग्न हाय?"

हार आला. तो प्रमुखांच्या कोटावर बसेना. फोटोग्राफर म्हणाला, चष्म्यावर उजेड येतोय, दिवा हलवू या. मामा घड्याळाकडे बघत होते आणि ओठांतल्या ओठांत मोजत होते, कन्नडमध्ये. 'ऐदु'ला आले तेव्हा पाच मिनिटं झाली होती. फोटोग्राफर "स्माइल" म्हणाला त्याच क्षणी मामांनी बटण दाबलं.

फोटोत शिष्टमंडळ हसतंय, साहेब हसतायत, आणि प्रमुखांच्या बरोबर कानामागून लालभडक रेघ निघालीय, कानात पेन्सिल खुपसल्यासारखी.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी कॅमेऱ्यात ते पाहिलं. त्यांचा चेहरा बघून फोटोग्राफर घाईनं म्हणाला, "काही नाही सर, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत हिरवी करतो." साहेब त्याच्या खांद्यावरून वाकून हिरव्याची छटा निवडायला लागले.

मामा खुर्चीत बसून फोनवर होते. "अक्का, जोर कसा हाय? ... बाळाला आधी घाल. वाकळा म्होरल्या पाण्याला." मग फोनवर तळहात ठेवून ते साहेबांना म्हणाले, "फोटूत कितीबी हिरवं करा की सायेब. फोटूतनं पाणी जात न्हाय."